ससा, इंजिन आणि उमरीचा रूळ

१/ औद्योगिक क्रांतीवरील पुस्तकांत टर्नरचे ‘रेन, स्टीम अँड स्पीड’ हे चित्र अनेकदा आढळते. खाली ओळभर माहिती असते आणि वाचक पान उलटतो. चित्राला असे सजावटीपुरते ठेवणे म्हणजे हाती आलेला पुरावा न वाचताच बाजूला सारणे होय.

२/ हे तैलचित्र १८४४ साली लंडनच्या रॉयल अकादमीत मांडले गेले. टर्नर तेव्हा ६९ वर्षांचा होता. भर पावसात थेम्स नदीवरील मेडनहेडच्या पुलावरून ग्रेट वेस्टर्न रेल्वेची गाडी येत आहे, एवढाच विषय.

३/ प्रथम रेषा. पुलाच्या कडा दूरच्या धुक्यातून निघतात आणि उजव्या कोपऱ्याकडे रुंदावत येतात. नदी, झाडी, क्षितिज यांच्या कडा मात्र पावसात विरून गेल्या आहेत. ठामपणा आहे तो माणसाने आखलेल्या रेघेला; निसर्गाला नाही.

४/ मग आकार. ठसठशीत दिसते ते इंजिनाचे काळे धुराडे. डावीकडे नदीत लहानशी होडी, उजवीकडे दूर नांगरणारा शेतकरी आणि रुळांवर इंजिनापुढे जीव घेऊन पळणारा ससा. हे सारे अगदी बारीक, शोधावे लागतील असे.

५/ शेवटी रंग. इंजिनाच्या तोंडाशी लालपिवळा जाळ दिसतो. प्रत्यक्षात भट्टी इंजिनाच्या मागच्या अंगाला, चालकाजवळ असते. तपशिलाच्या दृष्टीने ही चूक. पण साक्ष म्हणून तीच मोलाची. समोरून येणाऱ्या यंत्राचा दरारा त्या काळच्या माणसाला कसा जाणवला असेल, हे तो जाळ सांगतो.

६/ ससा आज मूळ चित्रात जेमतेम दिसतो. १८५९ च्या मुद्राचित्रात तो स्पष्ट आहे. प्रगतीच्या कथेतही इंजिन ठळक राहते आणि त्याच्यापुढे पळणारे पुसट होतात.

७/ ३० जानेवारी १९४८ च्या बँक-मोहिमेमुळे मुक्तिसंग्रामाच्या इतिहासात नोंदलेली नांदेड जिल्ह्यातील उमरी मनमाड–सिकंदराबाद मार्गावर आहे. हा मीटरगेज मार्ग १९०० च्या सुमारास झाला आणि निजामाच्या ‘गॅरंटीड स्टेट रेल्वे’ने तो चालवला. नावातील ‘गॅरंटीड’ म्हणजे भागधारकांना राज्याने दिलेली व्याजाची हमी. त्याच सुमारास, १८९९–१९०० मध्ये, दख्खन दुष्काळाने होरपळत होते.

८/ म्हणून ‘रेल्वे आली, प्रगती झाली’ हे वाक्य अपुरे आहे. ते फक्त धुराडे पाहते. रेघ कोणी आखली, हमीचा भार शेवटी कोणाच्या शेतसाऱ्यावर पडला, रुळांलगत नांगर धरणाऱ्याच्या वाट्याला काय आले, हे प्रश्न मराठवाड्याच्या रेल्वेलाही विचारले पाहिजेत. जुन्या स्थानकाचे चित्र वा छायाचित्र हाती आले, तर इंजिनावरून नजर काढून आधी त्याच्या कडा न्याहाळाव्यात.