केसपेपरवरचा 'व्यवसाय'

ट्रॉलरवर विंचच्या दोरात बोटे सापडलेला खलाशी मालवण, देवगड, वेंगुर्ल्यातल्या आपल्या दवाखान्यांना नवा नाही. टाके निघतात, जखम भरते, पण मूठ वळत नाही. जाळे ओढता येत नाही म्हणून कमाई बंद. हंगामाआधी घेतलेली उचल मात्र डोक्यावर तशीच. पुढच्या खेपेला तो 'झोप येणा नाय' एवढेच सांगतो. आपण गोळी लिहून देतो आणि पुढच्या रुग्णाला हाक मारतो. झोप उडण्यामागे जीव नकोसा झाला आहे का, हे विचारत नाही. नेमका इथेच तो आपल्या हातून सुटतो.

राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाने 2022 साली देशात 1,70,924 आत्महत्या नोंदवल्या. सर्वाधिक, 22,746, महाराष्ट्रात. मृतांत रोजंदारीवरचे 26.4 टक्के. कारणांच्या तक्त्यात मात्र कौटुंबिक समस्या 31.7 टक्के, आजारपण 18.4 टक्के, आणि नोकरी-धंद्यातल्या अडचणी खूप खाली. या तक्त्यावर मी डोळे मिटून विश्वास ठेवणार नाही. हात निकामी झाला, पैसा थांबला, घरात भांडणे सुरू झाली; कागदावर उरते ते भांडण. आत्महत्येमागे एकच कारण कधीच नसते, हे खरेच. म्हणून काम वगळायचे?

नोव्हेंबर 2020 मध्ये जळगावातल्या एसटी वाहकाने थकलेल्या पगाराचा उल्लेख चिठ्ठीत करून जीव दिला, तेव्हा सारे राज्य हलले. त्याच्यामागे संघटना होती, पगारपत्रक होते. खलाशाजवळ बहुधा यातले काहीच नसते. तो नेपाळचा किंवा कर्नाटकातला असेल तर 1 जूनला मासेमारी बंदी लागताच गावी जातो आणि आपला पाठपुरावा तुटतो.

त्याच्याजवळ कागद असेल तर तो आपणच लिहिलेला. केसपेपरवर 'व्यवसाय' म्हणून नुसते 'मजुरी' लिहून थांबू नका. कोणते काम, इजा कधी आणि कशी झाली, हे नोंदवा. नुकसानभरपाईचा दावा करताना हीच नोंद कामी येते. झोपेची तक्रार आली की जीव नकोसा वाटतो का, हे सरळ विचारा. विचारल्याने तो विचार मनात रुजतो, ही भीती निराधार आहे. होकार आला तर त्याला एकट्याने घरी पाठवू नका, त्याच दिवशी मानसोपचारतज्ज्ञाशी बोला. टेली-मानस या मानसिक आरोग्य मदतसेवेचा 14416 हा मोफत क्रमांक चोवीस तास चालू असतो; तो केसपेपरवर छापून घ्या. आणि बंदी लागण्याआधी प्रत्येक जखमी खलाशाचा गावाकडचा फोन नंबर लिहून ठेवा.