भुसा बादलीत, धूळ छातीत

घरच्या घरी सुतारकाम करणाऱ्या हौशी मंडळींचा (त्यात मीही आलो) एक लाडका उद्योग असतो. रंगाची एक रिकामी जाड बादली, प्लास्टिकचा एक शंकू, थोडा पाइप आणि सिलिकॉनची एक ट्यूब एवढ्या भांडवलावर धूळ वेगळी करणारा सेपरेटर बनवायचा. तो व्हॅक्यूम क्लीनरला जोडायचा आणि मग येणाऱ्या-जाणाऱ्याला झाकण उघडून दाखवायचं, "बघा, सगळा भुसा बादलीत!"

माझं भांडण त्या 'सगळा'शी आहे.

सेपरेटर बिनकामाचा आहे, असं मी म्हणत नाही. माझ्या ड्राय बाल्कनीत एक आहे आणि तो छान चालतो. हवा शंकूत कडेने, तिरकी शिरते आणि गरगर फिरते. जड कण भिंतीकडे फेकले जातात, घासत घासत वेग गमावतात आणि खालच्या बादलीत पडतात. हवा मधून वर निघून जाते. लाकडाच्या कारखान्यांत हे तंत्र फार जुनं आहे. जेम्स डायसन यांना पिशवीविना चालणाऱ्या व्हॅक्यूम क्लीनरची कल्पना सुचली तीही अशाच एका मोठ्या शंकूवरून.

पण यातला 'जड' हा शब्द महत्त्वाचा आहे. कणाचा व्यास दहापट कमी झाला, की भिंतीकडे सरकण्याचा त्याचा वेग साधारण शंभरपट कमी होतो. म्हणजे रंध्याच्या ढलप्या आणि करवतीचा भुसा बादलीत जातो, पण सँडरखालचं पिठासारखं जे निघतं, त्यातला सर्वांत बारीक भाग हवेबरोबरच पुढे जातो. हवेत तरंगणारा दहा मायक्रॉनखालचा एकेक कण आपल्याला सहसा दिसत नाही आणि छातीत खोलवर जातात ते त्याहूनही बारीक कण. थोडक्यात, आपण बादलीत जे मोजतो ते झाडूनेही निघालं असतं. जे झाडूने निघत नाही, ते बादलीतही सापडत नाही. व्हॅक्यूमला साधा फिल्टर असेल, तर यंत्र तेच मागच्या बाजूने खोलीत परत फुंकतं. आणि बाल्कनीचं दार बहुतेक घरांत स्वयंपाकघरात उघडतं!

"एवढ्याशा धुळीने काय होतंय?" हा पुढचा प्रश्न ठरलेला. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने १९९५ मध्ये लाकडाची धूळ माणसाला कर्करोग करणाऱ्या पदार्थांच्या पहिल्या गटात टाकली. तंबाखूचा धूर ज्या गटात आहे, तोच हा गट. इंग्लंडमध्ये फर्निचर कामगारांमध्ये नाकाच्या आतला कर्करोग जास्त आढळतो, हे १९६०च्या दशकातच लक्षात आलं होतं. हा आजार विरळा आहे आणि तो व्हायला बहुधा वर्षानुवर्षं धुळीत काम करावं लागतं, हे मान्य. पण दमा, सतत चोंदलेलं नाक, सागवान-शिसवाच्या धुळीने अंगावर उठणारी खाज हे काही विरळं नाही.

मग शेवटचं अस्त्र बाहेर येतं. "आमचे सुतारकाका साठीचे झाले, कधी मास्क लावला नाही, ठणठणीत आहेत." अहो, ज्यांना झेपलं नाही ते केव्हाच काम सोडून गावी गेले. ते तुमच्या दिवाणखान्यात येणार कसे? जे टिकले त्यांच्याकडेच बघून धूळ निर्धोक ठरवायची, हा कुठला न्याय? आपल्याच फ्लॅटमध्ये, दारं-खिडक्या लावून, तोंडाला गमछा बांधून तो माणूस दिवसभर एमडीएफ कापतो. शेजाऱ्यांकडे धूळ जाऊ नये म्हणून खिडक्या आपणच लावायला सांगतो. लॅमिनेटचा रंग निवडायला आपण चार दुकानं हिंडतो, पण मजुरीच्या हिशेबात मास्कची ओळ कुणी घातलेली मला अजून दिसलेली नाही.

तेव्हा सेपरेटर जरूर बनवा, पण तो कशासाठी हे ओळखून. तो फिल्टरच्या ऐवजी नाही, फिल्टरच्या आधी असतो. चांगला हेपा फिल्टर ०.३ मायक्रॉनचे कणही ९९.९७ टक्के अडवतो, पण भुशाने तो लगेच तुंबतो. ते तुंबणं टाळणं हेच बादलीचं खरं काम. सांधे हवाबंद ठेवा, कारण बादलीत खालून हवा शिरली की पडलेला भुसाही पुन्हा वर उचलला जातो. ओढणारं तोंड पात्याला जितकं जवळ नेता येईल तितकं न्या. घासकामाला एन ९५ मास्क लावा आणि यंत्र बंद झाल्याबरोबर काढू नका. बारीक धूळ नंतरही बराच वेळ हवेत असते. खात्री हवी असेल तर रात्री दिवा मालवून टॉर्च लावून बघा.

पैसे एकाच गोष्टीपुरते असतील, तर आधी मास्क घ्या. आणि घरी सुतार काम करत असेल, तर दोन घ्या.