दुकानात माणूस ठेवताय? पाच स्टारच्या मागं लागू नका

या आठवड्याच्या व्हिडिओत दुकानात माणूस कसा ठेवायचा यावर बोललो. त्यातला एक मुद्दा राहिला, तो इथं लिहितो. मुद्दा एका व्हिडिओ गेमचा आहे. हसू नका, आधी वाचा.

'ईए स्पोर्ट्स कॉलेज फुटबॉल 25' हा गेम जुलै 2024 मध्ये आला. हे आपल्या शाहू स्टेडियमवरचं फुटबॉल नव्हे, बॉल हातात घेऊन पळायचं अमेरिकन फुटबॉल. मला त्यातल्या मॅचपेक्षा भरती जास्त आवडते. तुम्ही एका कॉलेजचे कोच असता आणि शाळेतली पोरं आपल्याकडं वळवायची असतात. यादीत जास्तीत जास्त 35 नावं. दर आठवड्याला ठरावीक तासच मिळतात. पोराची पारख करणं, घरच्यांशी बोलणं, स्कॉलरशिप देणं, सगळं त्या तासांतच बसवायचं. मोठ्या नावाच्या कॉलेजला तास जास्त, लहानाला कमी. ओळखीचं वाटतंय ना?

नवखा खेळाडू सगळे तास पाच स्टारवाल्या पोरांवर ओततो. शेवटी ती पोरं मोठं कॉलेज घेऊन जातं, आणि तोवर तीन स्टारवाली कामाची पोरंही हातची गेलेली असतात.

आपल्याकडं कोडोलीत वेगळं काय चालतं? 'अनुभवी सेल्समन पाहिजे' असा बोर्ड लावायचा, नाहीतर समोरच्या दुकानातला गडी हजार रुपये जादा देऊन फोडायचा. अहो, जो हजारासाठी आला तो दीड हजारासाठी जाणार, आणि तेही बरोबर दिवाळीच्या तोंडावर! शिवाय आपली स्पर्धा फक्त शेजारच्या दुकानाशी नाही. वारणेचा साखर कारखाना आहे, दूध संघ आहे, शिरोली एमआयडीसी आहे. पगाराच्या शर्यतीत तुम्ही तिथं हरणारच. मग ती शर्यत लावायचीच कशाला?

गेममध्ये पारख केली की कळतं, दोन स्टारचा एखादा पोरगा खरं तर हिरा आहे आणि चार स्टारचा एखादा नुसताच फुगा. दुकानात ही पारख मुलाखतीत होत नाही. दोन दिवसांचा पगार देऊन त्याला काउंटरवर उभा करा. कस्टमर आल्यावर मोबाईल खिशात जातो का, न विचारता माल जागेवर लागतो का, एवढं बघा. आपल्या कोल्हापूरचा अनिकेत जाधव 2017 च्या 17 वर्षांखालील वर्ल्ड कपमध्ये भारताकडून खेळला. त्याच्या आधी पुण्याच्या क्रीडा प्रबोधिनीत तो घडला. नाव होण्याआधी कुणीतरी त्याला हेरलं होतं, एवढंच मला म्हणायचं आहे.

कोल्हापूरच्या तालमींचंही तसंच. पाटाकडील असो, खंडोबा असो, दिलबहार असो, आता बाहेरचे, अगदी आफ्रिकेतले खेळाडूही आले. त्यांनी मॅच जिंकून दिल्या असतील, पण माझ्या मते पेठेतल्या पोरांवरच टीम वर्षानुवर्षं टिकते. गेममध्येसुद्धा आपल्या भागातला पोरगा लवकर वळतो.

आता सगळ्यात कामाची गोष्ट. गेममध्ये प्रत्येक पोराची एक अट असते. कुणाला खेळायला मिळालं पाहिजे, कुणाला घराजवळ राहायचं असतं. ती अट पुरी होत नसेल तर तो येत नाही, आणि आलेला असला तरी पुढं सोडून जातो. तुमच्याकडं कामाला येणाऱ्या मुलीला अंधाराआधीची एसटी गाठायची असते. कॉलेजच्या पोराला सकाळी लेक्चर असतं. शेतकऱ्याच्या पोराला ऊसतोड आली की चार दिवस घरी लागतं. पगार ठरवण्याआधी हे विचारा. जमलं तर घरी जाऊन आई-वडिलांसोबत चहा घ्या. अर्ध्या तासात जे कळतं ते बायोडाट्यात नसतं. आणि एकदा सुट्टी कबूल केली की ती द्यायची. नंतर 'सीझन आहे, बघू' चालणार नाही.

तुम्ही म्हणाल, नवख्याला शिकवायला तीन महिने जातात, त्याचं काय? जातात, खरं आहे. म्हणून हा नियम काउंटरसाठी, गोडाऊनसाठी, डिलिव्हरीसाठी. जीएसटी आणि हिशेबाला मात्र शिकाऊ पोरगं बसवू नका. तिथं तयार माणूसच घ्या. पूर्ण वेळ परवडत नसेल तर दोन-तीन दुकानदारांनी मिळून अर्ध्या वेळेचा ठेवा.