मारला की गाडी बाद

महालक्ष्मीच्या किंवा पुण्याच्या रेसकोर्सवर धावणाऱ्या घोड्याला जॉकी चाबूक मारू शकतो. केंद्र सरकारच्या २००१ च्या नियमांनी त्याला हद्द घालून दिली आहे, इतकेच. चाबूक हवेची गादी असलेला, धक्का शोषून घेणारा हवा. त्याला उंचवटा, टाके, शिवण नको. मारताना हात खांद्याच्या वर जायला नको. आणि एका शर्यतीत तीनपेक्षा जास्त फटके नकोत. घोडा जिंकण्याच्या चढाओढीतून बाहेर पडला असेल किंवा त्याने शेवटची रेषा ओलांडली असेल, तर एकही नाही. बैलाला मात्र एकही फटका चालत नाही. महाराष्ट्र सरकारच्या २०१७ च्या नियमांप्रमाणे बैलगाडी शर्यतीत गाडीवानाच्या हातात काठी नको, चाबूक नको, विजेचा धक्का देणारे साधन तर नकोच नको. जळगाव-धुळ्याकडच्या एखाद्या बैलमालकाला हा सरळ दुजाभाव वाटला, तर त्याचे फारसे चुकले असे म्हणता येणार नाही. शेटजींच्या घोड्याला तीन फटके चालतात आणि आमच्या बैलाला काठी दाखवली तरी गुन्हा, ही त्याची तक्रार रास्त आहे. पण त्यावर तो सुचवतो तो उपाय, म्हणजे बैलालाही थोडी मोकळीक द्या हा, उलट्या दिशेचा आहे. बैलाच्या नियमातले शून्य बरोबर आहे आणि घोड्याच्या नियमातले तीन चूक. मात्र ते शून्य कागदावरून धावपट्टीवर उतरवायचे असेल, तर फटक्याची किंमत दंडात नव्हे, शर्यतीच्या निकालात मोजावी लागेल.

ही बंदी शर्यतीच्या परवानगीला चिकटवलेली एखादी किरकोळ अट नाही, हे आधी लक्षात घ्यायला हवे. केंद्राने २०११ मध्ये खेळात न वापरायच्या प्राण्यांच्या यादीत बैलाचा समावेश केला. सर्वोच्च न्यायालयाने ७ मे २०१४ रोजी तमिळनाडूतल्या जल्लिकट्टूबरोबर बैलगाडी शर्यतीही बंद केल्या, त्या क्रूरतेच्या मुद्द्यावर. शेपटी पिरगळणे, चावणे, अणकुचीदार काठीने टोचणे अशा गोष्टींचे अहवाल न्यायालयासमोर होते. मग २०१७ मध्ये महाराष्ट्राने स्वतंत्र दुरुस्ती कायदा केला आणि त्याखाली नियम बनवले. ते उच्च न्यायालयात अडकले. सर्वोच्च न्यायालयाने १६ डिसेंबर २०२१ रोजी शर्यतींना वाट मोकळी केली आणि १८ मे २०२३ रोजी पाच न्यायाधीशांच्या घटनापीठाने कायद्यावर शिक्कामोर्तब केले. नव्या कायद्याने आणि नियमांनी जनावराच्या वेदना बऱ्याच अंशी कमी केल्या आहेत, हा त्या निकालाचा पाया आहे. नियमांची कडक अंमलबजावणी करण्याची जबाबदारीही न्यायालयाने जिल्हाधिकाऱ्यांवर टाकली. म्हणजे शर्यत चालू आहे ती मार बंद आहे या गृहीतकावर. हे गृहीतक खोटे ठरवणारा प्रत्येक गाडीवान आपण बसलेली फांदीच तोडत असतो आणि त्याच्याबरोबर शंभर प्रामाणिक मालक खाली येतात.

खानदेशात हा प्रश्न परका नाही. खिल्लार जातीचा एक प्रकार तापी खिल्लार म्हणूनच ओळखला जातो आणि जुन्या पश्चिम खानदेशाशी, म्हणजे आजच्या धुळे-नंदुरबारशी, त्याचे नाव जोडलेले आहे. ट्रॅक्टर आल्यावर शेतातली बैलजोडी कमी होत गेली, पण जत्रेतल्या जोडीचा रुबाब उतरला नाही. घोड्याचे तर विचारायलाच नको. तापीकाठच्या सारंगखेड्याला दत्तजयंतीला एकमुखी दत्ताच्या यात्रेत भरणारा घोडेबाजार १९९८ पर्यंत धुळे जिल्ह्यात होता. जिल्हा विभागला आणि तो नंदुरबारमध्ये गेला. तिथे घोड्याची रेवाल चाल पाहायला देशभरातून शौकीन येतात. अशा मुलखात जनावर कसे पळवावे हे कुणी शहरातून येऊन शिकवण्याची गरज नाही. उलट इथल्या जाणत्या माणसाला ठाऊक असते की पळणारा बैल मुळात घरी तयार होतो. खुराक, सराव, जोडीदार बैलाशी जमलेली चाल आणि गाडीवानाच्या आवाजाची ओळख, ही त्याची तयारी. शर्यतीच्या दिवशी हातात असतो तो कासरा. जोडी वळते, सरळ राहते, थांबते ती कासऱ्यावर आणि वेसणीवर. काठी येते ती शेवटच्या टप्प्यात, बैलाचा दम सरू लागला की. नेमक्या याच ठिकाणी तिचा उपयोग सगळ्यात कमी आणि इजा सगळ्यात जास्त असते.

हे नुसते भूतदयेचे बोलणे नाही. घोड्यांच्या शर्यतीत चाबकाचा उपयोग किती, याची मोजणी झालेली आहे. सिडनी विद्यापीठातल्या संशोधकांनी २०११ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात दिसले ते असे: घोड्यांचा सर्वाधिक वेग शेवटच्या ६०० ते ४०० मीटरच्या टप्प्यात होता आणि त्या टप्प्यात त्यांना चाबूक लागलाच नव्हता. चाबूक सुरू झाला तो पुढच्या ४०० मीटरमध्ये, घोडे थकल्यावर; आणि त्याने वेग वाढल्याचे काही आढळले नाही. ब्रिटनमध्ये शिकाऊ जॉकींसाठी काही शर्यती अशा असतात की त्यांत चाबूक जवळ असतो पण घोड्याला पळवण्यासाठी वापरायचा नसतो. अशा शर्यती आणि नेहमीच्या शर्यती मिळून १२६ शर्यतींची तुलना २०२० मध्ये झाली. घोडा भरकटणे, अपघात, लागलेला वेळ यांत लक्षात घेण्याजोगा फरक सापडला नाही. घोड्याची कातडी जाड असते, त्याला काही लागत नाही, हा समजही त्याच वर्षीच्या आणखी एका अभ्यासाने खोडून काढला. वेदना जाणणाऱ्या मज्जातंतूंच्या बाबतीत घोड्याच्या आणि माणसाच्या वरच्या त्वचेत फारसे अंतर निघाले नाही. हे अभ्यास घोड्यावरचे आहेत, बैलावरचे नाहीत, हे खरे. पण थकलेल्या स्नायूतून मार देऊन जास्तीचा वेग निघत नाही, ही गोष्ट बैलाच्या बाबतीत वेगळी असेल असे मानायला काही आधार नाही. आणि समजा काठीने एखाद्या वेळी अर्धा सेकंद वाचलाही, तरी काठी सगळ्यांच्याच हातातून गेली तर कुणाचेही नुकसान होत नाही. पहिला येणारा तेव्हाही पहिलाच येईल, फक्त तो बैलाच्या जोरावर येईल.

बंदी मान्य केली तरी ती पाळली कशी जाणार, हा खरा पेच. इथे ब्रिटनचा अनुभव उपयोगी आहे. तिथे २०११ पासून सपाट शर्यतीत सात आणि अडथळ्यांच्या शर्यतीत आठ फटक्यांची मर्यादा होती. ती ओलांडली तर जॉकीला काही दिवसांची बंदी किंवा दंड होई, पण जिंकलेली शर्यत जिंकलेलीच राही. ही मर्यादा येण्याच्या काही महिने आधीही चित्र तेच होते: २०११ च्या ग्रँड नॅशनलमध्ये बॅलाब्रिग्ज घोडा जिंकला, त्याचा जॉकी जेसन मॅग्वायर याला चाबकाच्या अतिवापराबद्दल पाच दिवसांची बंदी झाली, पण करंडक काही परत गेला नाही. मोठ्या शर्यतीत बक्षीस इतके मोठे असते की दंड हा धंद्याचा खर्च होऊन बसतो. शेवटी २०२३ मध्ये मर्यादा सहा आणि सातवर आणली गेली आणि त्याहून महत्त्वाचे म्हणजे चार किंवा अधिक फटके जास्त झाले तर घोडाच बाद, असे ठरले. यातही मोजणीचा घोळ आहेच: सहावा फटका कायदेशीर आणि सातवा गुन्हा, हे त्या घोड्याला कोण समजावणार? नॉर्वेने १९८२ मध्ये आणि स्वीडनने २०२२ मध्ये पळवण्यासाठी चाबूक मारणेच बंद केले; तिथले रेसकोर्स काही ओस पडले नाहीत. म्हणजे मोजत बसण्यापेक्षा शून्य पाळणे सोपे, आणि शून्य पाळून घ्यायचे तर मारणाऱ्याच्या हातून बक्षीस जायला हवे.

आपला कायदा शिक्षेत कमी पडत नाही. पाच लाखांपर्यंत दंड किंवा तीन वर्षांपर्यंत कैद, शिवाय आयोजकाची पन्नास हजारांची अनामत. पण ही शिक्षा होण्यासाठी तक्रार, पंचनामा, गुन्हा, खटला असा लांबचा रस्ता आहे आणि ज्या गावात सगळे एकमेकांचे सोयरे-धायरे, तिथे साक्ष द्यायला पुढे कोण येणार? शिक्षा जितकी मोठी तितकी ती देण्याची टाळाटाळ जास्त, असा अनुभव आहे. त्याउलट शर्यतीच्या जागी पंच असतो, झेंडा असतो, आणि त्याचा शब्द तिथल्या तिथे मानला जातो. चाक पट्टीबाहेर गेले किंवा गाडी आधी सुटली तर ती बाद ठरवताना कुणी न्यायालयाची वाट पाहत नाही. काठी दिसली तरी हाच न्याय लावायचा. शर्यतींचे चित्रीकरण आता सर्रास होते. दोन जोड्यांत वितभर अंतर असले तरी पहिला कोण हे कॅमेरा पाहून ठरवतात. त्याच चित्रफितीत गाडीवानाचा हातही दिसतो. सुटण्याआधी गाडी आणि गाडीवानाची झडती, पोहोचल्यावर पशुवैद्यकाने पाठ, पुठ्ठा आणि शेपटी तपासणे, आणि खूण सापडली तर निकाल फिरवणे: एवढे केले की विजेचा धक्का देण्यासाठी चोरून लावलेल्या बॅटरीचा मोहही ओसरेल. पहिल्या क्रमांकाचे बक्षीस हातचे गेलेला मालकच पुढच्या वेळी आपल्या गाडीवानाला दम देईल. पोलिसाची गरज लागणार नाही.

यावर परंपरेचा आक्षेप येतो. पिढ्यान् पिढ्या हातात आसूड आणि तुतारी आहे, शेतातही बैलाला काठी लागते, मग जत्रेतच एवढे सोवळे कशाला? पहिली गोष्ट, शेतातही सगळेच चालते असे नाही. ओझ्याच्या आणि ओढीच्या जनावरांसाठी केंद्राने केलेले नियम १९६५ चे आहेत. खिळा लावलेली काठी त्यांनी तेव्हाच बंद केली. म्हणजे टोकाला आर असलेली तुतारी शेताच्या बांधावरही साठ वर्षांपासून बेकायदा आहे. दुपारी बारा ते तीन या वेळात तापमान ३७ अंशांच्या वर जात असेल, तर जनावर जुंपू नये असेही त्या नियमांत आहे. चैत्र-वैशाखात चाळिशी सहज ओलांडणाऱ्या जळगाव-भुसावळच्या माणसाला याचा अर्थ वेगळा सांगायला नको. दुसरी गोष्ट, परंपरा म्हणजे नुसता आसूड नव्हे. पोळ्याला बैलाच्या खांद्याला हळद-तूप लावून मळतात, त्या दिवशी त्याला जुंपत नाहीत, त्याच्यावर हात उचलत नाहीत, पुरणपोळीचा घास आधी त्याला देतात. हीही परंपराच आहे आणि ती आसुडापेक्षा धाकटी नाही. आणि खानदेशातल्या बारागाड्या आठवाव्यात: माणसांनी भरलेल्या बारा गाड्या भगत ओढतो, स्वतःच्या अंगाच्या आणि श्रद्धेच्या बळावर. त्याच्या पाठीमागे काठी घेऊन कुणी उभे राहत नाही, तरी जत्रेचा रंग कमी होत नाही.

दुसऱ्या बाजूचा आक्षेप जास्त गंभीर आहे. प्राणिमित्र म्हणतात, काठी काढली म्हणजे क्रूरता गेली असे नव्हे. बैलाच्या शरीराची ठेवण धावण्यासाठी नाही, गोंगाटाने तो बिथरतो, सरावात काय होते ते कुणी पाहत नाही. तेव्हा शर्यतच बंद करा. यातला बराच भाग खरा आहे आणि काठीबंदीला संपूर्ण उत्तर म्हणून मिरवू नये. पण सरसकट बंदीचाही अनुभव गाठीशी आहे. २०१४ नंतरच्या वर्षांत शर्यती संपल्या नाहीत, आडवाटेला गेल्या. ऑगस्ट २०२१ मध्ये सांगली जिल्ह्यातल्या झरे गावात बंदी झुगारून शर्यत झाली, हे साऱ्या महाराष्ट्राने पाहिले. पहाटे चोरून होणाऱ्या शर्यतीत पशुवैद्यक नसतो, नियम नसतो आणि कुणाला विचारायची सोय नसते. उघड्यावरची, पंचाच्या नजरेखालची शर्यत निदान सुधारता येते. मात्र ही सवलत कायमची नाही. नियम उघडउघड मोडले जात आहेत असे पुन्हा न्यायालयापुढे आले, तर या वेळी शर्यतीच्या बाजूने बोलायला आधारच उरणार नाही.

आता घोड्याकडे वळू. सारंगखेड्याच्या रेतीत असो की कुठल्या गावच्या टांगा शर्यतीत, घोड्याच्या पाठीवर किती फटके पडले हे मोजणारा माणूस तिथे नसतो. तीनची मर्यादा रेसकोर्सच्या कुंपणाआतली. खरे तर ती तिथेही अनावश्यक आहे. घोडा बिथरला किंवा दुसऱ्याच्या अंगावर जाऊ लागला तर जीव वाचवण्यासाठी चाबूक जवळ ठेवायला हरकत नसावी. पळवण्यासाठी मात्र एकही फटका नको. केंद्राने २००१ च्या नियमात एवढा बदल केला तर खानदेशातल्या शेतकऱ्याची दुजाभावाची तक्रार आपोआप मिटते, आणि मिटते ती बैलाचे संरक्षण न घटवता. तोवर जळगाव आणि धुळ्याच्या जिल्हाधिकाऱ्यांनी शर्यतीच्या परवानगीपत्रात एक ओळ वाढवावी: काठी, चाबूक, आर किंवा बॅटरी वापरलेली गाडी त्याच जागी बाद होईल, आणि पंचांनी ती बाद केली नाही तर आयोजकाची अनामत जप्त होईल. यात्रा समित्यांनी तीच ओळ आपल्या पत्रकात बक्षिसांच्या रकमेच्या वर, ठळक अक्षरांत छापावी. यासाठी नवा कायदा लागत नाही, निधी लागत नाही. गावच्या पुढाऱ्याची जोडी पहिली आली आणि गाडीवानाच्या हातात काठी दिसली, तरी झेंडा आडवा करण्याची हिंमत पंचात असली म्हणजे झाले.