पीक हातीं येण्यापूर्वींची कृतज्ञता

वर्ष वाईट गेलें म्हणजे आमच्या शेतकरी बंधूंस उपदेश करणारांची संख्या वाढते. कोणी म्हणतो, जें उरलें त्यांत समाधान मानावें; कोणी म्हणतो, देवानें जीव तर राखला, त्याचे उपकार स्मरावे. उपदेश खोटा नाहीं. परंतु तो कोणाच्या तोंडून व कोणत्या वेळीं येतो यावर त्याची किंमत ठरते. ज्याच्या सोयाबीनच्या गंजी पाण्याबरोबर वाहून गेल्या, त्याला कोरड्या ओट्यावर बसून कृतज्ञतेचा पाठ देणें म्हणजे जखमेवर मीठ चोळणें होय. म्हणून प्रथमच हें सांगणें आम्हांस अवश्य वाटतें कीं, या लेखांत ज्या कृतज्ञतेचा विचार केला आहे ती निमूट सोसण्याहून अगदीं वेगळी आहे. आमच्या शेताभातांत पूर्वापार चालत आलेली ती एक रीत आहे, आणि तिच्याकडे नीट पाहिलें तर तिच्यांत भाबडेपणा थोडा व हिशेब पुष्कळ आढळतो.

लातूर व धाराशिव (पूर्वींचें उस्मानाबाद) हे जिल्हे, सोलापूर व बीड यांचा लगतचा भाग आणि कर्नाटकांतील बीदर-कलबुर्गीचा पट्टा या मुलखांत मार्गशीर्षाच्या अमावास्येस शेतांत एक सण होतो. त्यास वेळा अमावास्या म्हणतात, बोलीभाषेंत येळवस. ज्या वाचकांनीं तो पाहिला नसेल त्यांच्यासाठीं थोडें विस्तारानें सांगतों. शेतांत कडब्याच्या पेंढ्यांची खोपी उभारतात, तिच्यांत पांच दगड चुन्यानें रंगवून पांडव म्हणून मांडतात व लक्ष्मीसह त्यांची पूजा करितात. घरची बाई आंबिलीचें बिंदगें डोक्यावर घेऊन शेतावर येते. हिरव्या शेंगांचे दाणे, पालेभाज्या, चिंच व डाळीचें पीठ यांची भज्जी, बाजरीचे उंडे, ज्वारीचें पीठ व ताक यांची आंबील, गव्हाची खीर असा स्वयंपाक असतो. प्रथम शेताभोंवतीं फिरून उभ्या पिकावर आंबील शिंपडतात आणि मग पंगत बसते. पंगतीस ओळखीचा कोण व अनोळखी कोण हा विचार नसतो. वाटेनें जाणारासही हांक मारून बसवितात. लातूर शहर त्या दिवशीं ओस पडतें, व जिल्हाधिकारी स्थानिक सुट्टीही देतात.

आतां या सणाची वेळ पाहा. ज्वारी नुकती पोटऱ्यांत किंवा निसवलेली, हरभरा फुलांत अथवा घाट्यांत. पीक पदरांत पडण्यास अद्याप दोन महिने तरी अवकाश असतो. ढगाळ हवा लांबली तर चिकटा पडेल, गारा आल्या तर उभें पीक आडवें होईल. २०१४ च्या फेब्रुवारी-मार्चमध्यें मराठवाड्यांत असेंच झालें. गारपिटीनें रब्बी झोपली, आणि त्यापूर्वींच येळवस होऊन गेली होती. मग त्या वर्षीं शिंपडलेली आंबील फुकट गेली काय? ज्यांना सण म्हणजे देवाशीं केलेला सौदा वाटतो, ते होय म्हणतील. आमच्या मतें हा सण येणाऱ्या उत्पन्नाचा विसार नव्हे. तोंवर जें प्रत्यक्ष मिळालें, म्हणजे वाफसा, उगवलेलें बीं, कोळपणीस वेळेवर आलेलीं माणसें, शेजाऱ्यानें विहिरीवरून दिलेलें पाणी, त्याची ती पोंच आहे. पुढें गारा पडल्या म्हणून मागें मिळालेलें खोटें ठरत नाहीं. निकाल हातीं नसतांना दिलेली ही पोंच माणसाला जितकें स्थिर ठेवते, तितकें पोतीं मोजून झाल्यावरचें समाधान ठेवीत नाहीं. कारण तें समाधान बाजारभावाबरोबर वर-खालीं होत असतें.

दुसरी गोष्ट अशी कीं, आमच्या रीतींत उपकार स्मरणें म्हणजे जवळ जाऊन पाहणें होय. पोळ्याच्या आदल्या दिवशीं खांदेमळणी करितात. बैलाच्या खांद्यास ऊन पाणी, मग तूप-हळद लावून हातानें चोळतात, व दुसऱ्या दिवशींच्या जेवणाचें त्यास आवतण देतात. हात फिरवितांना खांदा सुजला आहे काय, कातडें सोललें आहे काय, जूं कोठें टोंचतें, हें आपोआप कळतें. वर्षभर पराणी चालविणारा हात एक दिवस तरी खांदा चांचपतो. येळवशीस शेताभोंवतीं फिरणें हाही पाहणीचाच प्रकार आहे. एरवीं जो कोपरा नजरेस पडत नाहीं तो त्या दिवशीं पडतो. ज्यांच्या दावणीस आतां बैल नाहीं, ते ट्रॅक्टरला हार घालून मोकळे होतात. हार जरूर घालावा, पण चालकाचे थकलेले पैसेही त्याच दिवशीं द्यावे.

मानसशास्त्रानेंही या विषयाकडे लक्ष दिलें आहे. रॉबर्ट एमन्स व मायकेल मॅकलो या अमेरिकन संशोधकांनीं २००३ सालीं प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत कांहीं लोकांस दर आठवड्यास आपणांस लाभलेल्या पांचपर्यंत गोष्टी लिहावयास सांगितल्या व दुसऱ्यांस त्रासाच्या गोष्टी. पहिल्यांना आपलें आयुष्य अधिक बरें वाटलें. प्रयोगांतले पुष्कळसे लोक विद्यार्थी होते, आणि त्यांची विवंचना व सोसायटीच्या थकबाकीदाराची विवंचना यांत अंतर आहे. तेव्हां त्यावर फार मोठी इमारत उभारूं नये. तरी त्यांतला मुद्दा आमच्या वहीस लागू पडतो. कर्जाची बाजू शेतकऱ्यास पाठ असते. रात्रीं झोंप नसली म्हणजे तो तीच पुन्हां पुन्हां वाचतो. दुसरी बाजू कोणी लिहीतच नाहीं. विहिरीस पाणी आहे, म्हैस आटली नाहीं, मुलगी शाळेंत जाते, भाऊ वेगळा निघाला तरी पेरणीस येतो, हें सर्व जमेचें आहे. अर्धीच वही वाचून जीवनाचा निकाल लावणें हें हिशेबाच्या दृष्टीनेंही चूक आहे.

परंतु ही जमा ज्याची त्यानें लिहावयाची असते. १६३० च्या दुष्काळांत तुकोबांचा व्यापार बुडाला व पहिली पत्नी अन्नावांचून गेली. पुढें एका अभंगांत त्यांनीं त्या दिवाळ्याचे व दुष्काळाचेही उपकारच मानले आहेत. हा दाखला देणारे पुष्कळ भेटतात. त्यांतील बहुतेकांस दोन गोष्टींचा विसर पडतो. एक तर तो शब्द तुकोबांनीं स्वतःच्या दुःखाविषयीं उच्चारला होता, दुसऱ्याच्या नव्हे. दुसरें असें कीं, परंपरा सांगते त्याप्रमाणें त्यांनीं घरच्या सावकारींतील आपल्या वांट्याचीं कर्जखतें इंद्रायणींत बुडविलीं. येणें असलेल्या माणसानें आधीं कागद बुडवावे आणि मग कृतज्ञतेविषयीं बोलावें, असा हा क्रम आहे. विम्याची भरपाई अडकवून ठेवणारानें अथवा उसाचें बिल थकविणारानें शेतकऱ्यास समाधानाचा उपदेश करूं नये.

तसेंच उपकार मानले म्हणजे हक्क सुटला, असा जो समज आहे तोही खरा नाहीं. १९८० च्या चाकणच्या कांदा आंदोलनानंतर शेतकरी संघटनेनें व तिचे नेते शरद जोशी यांनीं रास्त भावासाठीं किती रस्ते अडविले, हें जुन्या वाचकांस आठवत असेल. त्याच संघटनेनें १९९० च्या सुमारास लक्ष्मीमुक्तीचा कार्यक्रम हातीं घेऊन शेतकऱ्यांस सांगितलें कीं, घरच्या लक्ष्मीच्या श्रमाचें ऋण तुमच्यावर आहे. तें फेडण्यासाठीं थोडी जमीन तिच्या नांवें करून द्या. सरकारकडे आपलें मागणें मागतांना घरांतलें देणें विसरूं नये, ही त्यांतली भूमिका आम्हांस फार मोलाची वाटते. निंदणी, वेचणी, काढणी जिच्या हातानें होते तिचें नांव सात-बाऱ्यावर नसावें, आणि वर्षांतून एक दिवस तिच्या डोक्यावर आंबिलीचें बिंदगें देऊन लक्ष्मीची पूजा व्हावी, ही विसंगति आमच्या पुष्कळ घरांत अद्याप आहे.

खर्चाचा आक्षेप मात्र रास्त आहे. २०१६ च्या एप्रिलांत लातूर शहरास मिरजेहून रेल्वेनें पाणी आणावें लागलें. २०२५ च्या सप्टेंबरांत त्याच मराठवाड्यांत व सोलापूर जिल्ह्यांत अतिवृष्टि होऊन सीनेसारख्या नद्यांच्या कांठीं पिकांबरोबर मातीही वाहून गेली. अशा वर्षीं उसनवारी करून पंगती घालणें हा मूर्खपणा होय, व तसें करणारास गांवानें प्रतिष्ठा देऊं नये. आंबिलीस काय लागतें? मूठभर पीठ आणि ताक. सण लहान करावा, पण मोडूं नये. कारण वाईट वर्षीं माणूस पहिल्यानें चारचौघांत जाणें सोडतो, आणि त्यानंतर त्याचें काय चाललें आहे हें कोणास कळेनासें होतें.

जो अन्न टाकतो, झोंपत नाहीं, कोणाशीं बोलत नाहीं, त्याच्यापुढें जमेची बाजू वाचूं नये. त्याला डॉक्टरकडे न्यावें. सरकारची टेली-मानस ही दूरध्वनीची विनामूल्य सोय १४४१६ या क्रमांकावर आहे, तिचाही उपयोग करावा. त्याला एकटा मात्र सोडूं नये.

ज्याचें शेत खरडून गेलें त्याच्याकडे येळवशीस खोपीपुरता कडबाही नसेल. तेव्हां शेजाऱ्यानें आपल्याच खोपींत त्याचेही पांच दगड मांडून घ्यावे व त्याच्या घरच्या सर्वांस पंगतीस आणावें. पंचनाम्याचा कागद त्यास मिळाला किंवा नाहीं याची तेथेंच विचारपूस करावी. जेवणें आटोपल्यावर उजेड पुष्कळ असतो. त्या उजेडांत दोघांनीं त्याच्या बांधावर जावें, घळ किती खोल गेली आहे तें पाहावें, आणि जवळच्या तलावांतला गाळ उन्हाळ्यांत आणावयाचा झाला तर किती ट्रॉल्या लागतील याचा अंदाज मिळून करावा.