तापलेली जीप आणि थंड डोके

चैत्र-वैशाखाच्या दिवसांत घाटरस्त्याने जाताना एखाद्या वळणावर बॉनेट उघडून उभी असलेली जुनी जीप हटकून दृष्टीस पडते. पुढून वाफेचा लोट निघत असतो, उतारू झाडाच्या सावलीत बसलेले असतात आणि चालक पाण्याचा डबा हाती घेऊन विचारात पडलेला असतो. शहरात एवढ्याने थोडा खोळंबा होतो, इतकेच. परंतु ज्या वाडीत रात्री-अपरात्री आजाऱ्याला दवाखान्यात नेण्यास तेवढे एकच वाहन असते, तेथे जीप तापणे ही साऱ्या वाडीची चिंता होय. म्हणून या खेपेस याच दुखण्याचा विचार करू.

इंजिनात जे जळण जळते, त्याच्या उष्णतेपैकी सुमारे एक-तृतीयांश उष्णता पाण्यावाटे बाहेर टाकावी लागते. सिलिंडरांभोवतीचे पाणी ती उचलते, पंप त्या पाण्यास फिरवतो, थर्मोस्टॅट त्याची वाट उघडतो, रेडिएटरच्या बारीक नळ्यांत ते पसरते आणि पंख्याचा वारा त्यास निववतो. या साखळीतील एक कडी निसटली की काटा चढू लागतो. कोणती कडी निसटली हे न शोधताच पुष्कळजण नवा रेडिएटर विकत घेतात; पैसा जातो आणि दुखणे जागच्या जागी राहते. रोग्याचा ताप केव्हा चढतो व केव्हा उतरतो हे वैद्य आधी विचारतो. जीपच्या बाबतीतही तोच प्रश्न प्रथम विचारावा.

आरंभ सकाळी, इंजिन पूर्ण थंड असताना करावा. रेडिएटरचे झाकण काढून पाणी काठोकाठ आहे की नाही ते पाहावे. तापमानाचा काटा त्या वेळी अगदी तळाशी असावयास हवा. तो अध्यात-मध्यात रेंगाळत असेल, तर दोष इंजिनाचा नसून कदाचित काट्याचाच असेल. पंख्याचा पट्टा दोन चाकांच्या मध्यावर अंगठ्याने दाबावा. तो अर्धा-पाऊण इंच दबला तर ठीक. अधिक लोंबत असेल, तर पंखा व पंप दोन्ही मंदावतात.

आता तापण्याची वेळ पाहू. बाजारपेठेत किंवा चढावर पहिल्या-दुसऱ्या गिअरात जीप तापते, पण सपाट रस्त्यावर वेगाने जाताना निवते, असे असेल तर वाऱ्याची उणीव समजावी. पट्टा ढिला असेल, रेडिएटरच्या जाळीत चिखल व गवताचे बी अडकले असेल, अथवा पंख्याभोवतीचे पत्र्याचे कडे कोणी पूर्वीच काढून टाकले असेल. जुन्या जीपांत हे कडे अनेकदा नाहीसे झालेले असते आणि त्याची कोणास आठवणही नसते. जाळी धुताना पाण्याची धार इंजिनाकडून पुढच्या बाजूस सोडावी, म्हणजे मळ आला त्याच वाटेने बाहेर पडतो.

याउलट मंद चालीत ठीक, परंतु वेग वा ओझे वाढताच काटा चढतो, असे असेल तर पाण्याचा प्रवाह अडतो आहे. नळ्यांत क्षार साचले असतील, पंपाची पाती झिजली असतील, किंवा खालची रबरी नळी मऊ पडून पंपाच्या ओढीने आत चेपत असेल. विंधन विहिरीचे जड पाणी वर्षानुवर्षे भरल्याने क्षारांचा हा थर जमतो.

इंजिन सुरू करून पाच-दहा मिनिटांतच ते तापले, तर संशय थर्मोस्टॅटवर घ्यावा. तो काढून पातेल्यातील पाण्यात सोडावा आणि पाणी तापवावे. त्यावर कोरलेल्या अंशांच्या सुमारास, उदाहरणार्थ ८२ अंशांस, तो उघडू लागला पाहिजे. पुष्कळ ठिकाणी थर्मोस्टॅट काढून फेकून देण्याची चाल आहे. ती बरी नव्हे. त्यावाचून इंजिन नीट ऊब धरत नाही, जळण अधिक लागते आणि सिलिंडर लवकर झिजतात.

चारही चाकांना जोर देणाऱ्या जुन्या जीपचे आणखी एक दुखणे आहे. चिखलातून बाहेर पडल्यावर पुढची चाके जोडणारा दांडा तसाच राहिला, तर कोरड्या डांबरी रस्त्यावर, विशेषतः वळणांवर, पुढची व मागची चाके परस्परांशी झगडतात आणि त्याचा भार इंजिनावर पडतो. ब्रेक चाकाला घासत राहिला तरी हेच होते. थोडे अंतर गेल्यावर चाकांच्या मधल्या भागाजवळ तळहात धरावा. एखादे चाक इतरांहून फार तापलेले असल्यास ब्रेक तपासावा.

पाणी रोज कमी होते, पण गळती कोठेच दिसत नाही, ही खूण सर्वांत गंभीर होय. थंड इंजिन झाकण काढून सुरू करावे. काही मिनिटांनंतरही पाण्यात एकसारखे बुडबुडे येत राहिले, किंवा तेल पाहण्याच्या पट्टीवर दुधाळ कॉफीसारखा फेस दिसला, तर हेड गॅस्केट फुटले असण्याचा संभव आहे. अशी जीप मुळीच चालवू नये. मिस्त्रीस घरी बोलवावे.

आता सर्वांत महत्त्वाचे. तापलेल्या रेडिएटरचे झाकण कदापि उघडू नये. झाकणातील दाबामुळे पाण्याचा उकळबिंदू दर पौंडास सुमारे दीड अंशाने वाढतो; सात पौंडांच्या झाकणाखाली ते ११० अंशांपर्यंत न उकळता राहू शकते. झाकण निघताच तेच पाणी वाफ होऊन तोंडावर उसळते. गोव्याकडून चोर्ला किंवा अनमोड घाट चढून बेळगावच्या पठारावर येणाऱ्यांनी ध्यानी घ्यावे की, समुद्रसपाटीपासून सुमारे ७५० मीटर उंचीवर उघड्या भांड्यातील पाणी साडेसत्त्याण्णव अंशांच्या आसपासच उकळते. म्हणून झाकणाची रबरी चकती शाबूत असणे तेथे अधिकच अगत्याचे. वाफ दिसताच जीप बाजूस घेऊन इंजिन बंद करावे आणि निदान अर्धा-पाऊण तास थांबावे. तापलेल्या इंजिनात थंड पाणी ओतू नये. बिडाच्या हेडास तडा जातो.

निवांत वेळी साध्या पाण्याऐवजी शुद्ध पाणी व कूलंट समप्रमाणात भरावे. बहुतेक कूलंट गोडसर लागते, पण ते विष आहे. डबा मुलांच्या व कुत्र्यांच्या आवाक्याबाहेर ठेवावा.

गाडीच्या खणात एक लहानशी वही ठेवावी. जीप कोठे तापली, कोणत्या गिअरात, किती माणसे व किती ओझे होते, दुसऱ्या दिवशी किती पाणी भरावे लागले, हे तीत टिपून ठेवावे. मिस्त्रीकडे जाताना ती वही बरोबर न्यावी. अशी चार पाने वाचून जाणता मिस्त्री अर्धे निदान करील आणि न बिघडलेला भाग बदलण्याचा खर्च वाचेल.