आजारी पडा, मगच पैसे मिळतील!



केंद्र सरकारी नोकरांच्या औषधोपचाराचे नियम १९४४ सालचे आहेत. इंग्रज गेले, नियम राहिले. जेथे सीजीएचएस नाही तेथे टपाल खात्यातील कामगार आजही याच नियमांखाली बिल सादर करतो. या नियमांत ‘लस’ हा शब्द आहे, हे पुष्कळांना ठाऊक नाही. पण मेख पुढे आहे. रुग्णालयात सहसा न मिळणारी लस हवी असेल, तर रोगी बरा होण्यासाठी किंवा त्याची प्रकृती आणखी ढासळू नये म्हणून ती आवश्यक आहे, असे डॉक्टरने लिहून द्यावे लागते. याचा सरळ अर्थ असा की, धडधाकट पोस्टमनने फ्लू होऊ नये म्हणून लस टोचून घेतली, तर पैसे त्याच्या खिशातून. आणि फ्लूने छाती भरून तो खाटेवर पडला, की मग सरकार पैसे देणार! या उलट्या न्यायाविरुद्ध आम्ही आवाज उठवीत आहोत.

उदाहरण म्हणून आम्ही मुद्दाम तंजावर घेतो. मराठी माणसाला हे गाव परके नाही, आणि देशातील शेकडो जिल्ह्यांच्या गावांची जी अवस्था तीच तेथील कामगाराची आहे.

तेथे निवृत्त झालेल्या टपाल कामगाराचा विचार करा. १९४४ चे नियम पेन्शनरांना लागू नाहीत. सीजीएचएसबाहेरच्या भागात राहणाऱ्या पेन्शनरला २०१७ पासून वैद्यकीय भत्ता मिळतो तो महिना १००० रुपये. फ्लूच्या एका लशीला बाजारात दीड-दोन हजार रुपये पडतात. नवरा-बायकोने लस घ्यायची, तर तीन-चार महिन्यांचा भत्ता एका दिवसात संपला. मग रक्तदाबाच्या आणि साखरेच्या गोळ्या कशातून आणायच्या? तो सत्तरीचा असेल, तर २०२४ पासून त्याला आयुष्मान भारतचे ५ लाखांचे कार्ड काढता येते. पण ते चालते रुग्णालयात दाखल झाल्यावर. खाटेसाठी ५ लाख आहेत, सुईसाठी दोन हजार नाहीत!

ग्रामीण डाक सेवक तर या नियमांच्या कक्षेतच नाही. ऊनपावसात दारोदार टपाल वाटणाऱ्या या माणसाला खाते कामापुरते आपले म्हणते, आजारपणात ओळख देत नाही. रेल्वेतील आमच्या भावांना रेल्वेची रुग्णालये आहेत, निवृत्तीच्या वेळी एकरकमी वर्गणी भरून ती सोय पुढेही मिळते. परंतु तंजावरच्या रेल्वेवाल्याचे मोठे रुग्णालय तिरुचिरापल्लीजवळ गोल्डन रॉकला, सुमारे ५० किलोमीटरवर. एका सुईसाठी म्हातारा गँगमन दिवस मोडून तेथवर जाईल काय? आणि कंत्राटी सफाई कामगाराला आधार आहे तो तामिळनाडू सरकारच्या २००९ साली सुरू झालेल्या विमा योजनेचा. तोही मुख्यतः दाखल झाल्यानंतरचा.

काही साहेब म्हणतात, फ्लू म्हणजे सर्दीताप, त्याचे एवढे काय? त्यांनी १९१८ आठवावे. मुंबई बंदरात उतरलेली ती साथ रेल्वेच्या रुळांवरूनच देशभर गेली आणि एक कोटीहून अधिक माणसे घेऊन गेली. २००९ साली स्वाइन फ्लूने पुण्यात काय हाहाकार उडविला, हे आपण डोळ्यांनी पाहिले आहे. तिकीट खिडकीवर, गाडीच्या डब्यात, पोस्टाच्या काउंटरवर शेकडो माणसांचा श्वास रोज कामगाराच्या तोंडावर येतो. हा धोका नोकरीचा आहे. मग खर्च नोकराचा का?

दुसरे म्हणतात, ही लस पूर्ण संरक्षण देत नाही आणि दरवर्षी घ्यावी लागते. खरे आहे. विषाणू रूप बदलतो, म्हणून लसही बदलावी लागते. पण वृद्ध, गरोदर स्त्रिया, दमेकरी, मधुमेही यांना गंभीर आजारातून वाचविण्यास तिचा उपयोग होतो. म्हणूनच महाराष्ट्र सरकारने २०१५ पासून गरोदर स्त्रिया, मधुमेही व रक्तदाबाचे रोगी यांना ती मोफत देण्यास सुरुवात केली. एका राज्याला जे जमते ते केंद्राला का जमू नये?

पैसा नाही, ही सबब तर आम्हाला ऐकवूच नका. २१ जून २०२१ पासून अठरा वर्षांवरील प्रत्येकाला सरकारी केंद्रात कोविडची लस मोफत मिळाली आणि खासगी रुग्णालयांच्या सेवाशुल्काला १५० रुपयांची मर्यादा घातली गेली. मनात आणले की होते! मात्र याच सरकारी व्यवस्थेने जानेवारी २००८ मध्ये कुन्नूर, गिंडी आणि कसौली येथील सार्वजनिक लस-संस्थांचे उत्पादन बंद पाडले होते. ते पुढे सुरू झाले, पण तोवर बाजार खासगी कंपन्यांच्या हाती गेला होता. सरकारी कारखान्याला कुलूप लागले, की त्याची किंमत कामगार औषधाच्या दुकानात मोजतो.

त्याच तंजावरात सरफोजीराजांनी १८०१ साली इंग्रज रेसिडेंट टोरीन याला पत्र लिहून छत्रांचा खर्च राखण्याची विनंती केली. छत्रात वाटसरू आजारी पडला, तर तो बरा होईपर्यंत औषध, पथ्य व वैद्य पुरविले जात, असे त्यात सांगितले आहे. राजेशाहीचे गोडवे आम्हाला गायचे नाहीत. पण वाटसरूला जे दोनशे वर्षांपूर्वी मिळत होते, त्याहून आजच्या लोकशाहीने आपल्या कामगाराला एक पाऊल पुढचे द्यावे, म्हणजे तो आजारी पडण्याआधीच त्याची काळजी घ्यावी, एवढेच आम्ही म्हणतो.

आमच्या मागण्या अशा :

१. १९४४ चे नियम दुरुस्त करून फ्लूच्या वार्षिक लशीचा खर्च मान्य करावा. पेन्शनर व ग्रामीण डाक सेवक यांनाही तो लागू करावा.

२. लस स्टेशनात, शेडमध्ये, मुख्य टपाल कार्यालयात जागेवर द्यावी. कंत्राटी कामगारांना वगळू नये.

३. तारीख दिल्लीतून एकच ठरवू नये. महाराष्ट्रात साथ पावसाळ्यात, जुलै-सप्टेंबरला येते; तामिळनाडूत ऑक्टोबरनंतरच्या पावसात जोर धरते. त्या त्या भागातील पावसाआधी लस मिळावी.

४. सार्वजनिक लस-संस्थांत फ्लूची लस तयार करावी.

प्रत्येक शाखेने येत्या सभेत याचा ठराव करून तो विभागीय अधिकाऱ्यांकडे पाठवावा. नुसता अर्ज फाइलीत झोपतो. ठरावामागे सभासद उभे राहिले, तरच फाइल हलते!